नेट मुद्दाम हळू करतात का, आणि ते ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी फायबर कनेक्शन, प्लॅन 100 एमबीपीएस डाउनलोड आणि 20 अपलोडचा. स्पीडटेस्ट कधीही केली, अगदी रात्रीसुद्धा, तरी 95 च्या आसपास आकडा येतो. पण रात्री आठनंतर यूट्यूब 480 वर उतरतं, मुलाच्या गेममध्ये लॅग येतो आणि ऑफिसच्या व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो. शेजारचे म्हणतात, कंपनी थ्रॉटल करते, म्हणजे वेग मुद्दाम दाबते. हे खरं का, सिद्ध कसं करायचं, आणि असं करणं कायद्यात बसतं का?

माझं बरंचसं आयुष्य छोट्या-मध्यम आयएसपींची, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांची नेटवर्क सांभाळण्यात गेलं आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर संशय घेताय त्यांच्याच बाजूला. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा. माझ्या मते तुमच्या तीन तक्रारींची कारणं किमान दोन आहेत, आणि मुद्दाम केलेलं थ्रॉटलिंग बहुधा त्यात नाही. पण स्पीडटेस्टला 95 दिसतात म्हणून कंपनी निर्दोष ठरते, असंही नाही. तो आकडा दोन्ही बाजूंनी कुचकामी पुरावा आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे 'माझ्या लाइनवर कोणीतरी लगाम घातलाय' यातला धक्का. लगाम तर पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या घरात येणारी फायबर जीपॉन जातीची (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) असेल, तर कंपनीच्या टोकाच्या एका पोर्टवर डाउनलोडला जवळपास 2.5 जीबीपीएस आणि अपलोडला 1.25 जीबीपीएस क्षमता असते, आणि ती स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटलेली असते. तुमची फायबर 100 वर अडत नाही, आयएसपीच्या राउटरमधली सेटिंगची एक ओळ अडवते. प्लॅन वाढवलात की वायरमन येत नाही, फक्त ती ओळ बदलते.

ती ओळ काम कशी करते, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. राउटर तुमच्या नावाने टोकनचा साठा ठेवतो. 100 एमबीपीएसच्या वेगाने त्यात टोकन पडत राहतात, आणि प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आपल्या आकाराइतकी टोकन खर्च करून पुढे जातं. साठा रिकामा असताना पॅकेट आलं तर राउटरपुढे दोन मार्ग असतात. एक, ते थोडं थांबवून ठेवायचं आणि टोकन आली की सोडायचं. याला शेपिंग म्हणतात. दोन, सरळ फेकून द्यायचं, याला पोलिसिंग. शेपिंगमध्ये वेग एका रेषेत चालतो पण पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो. पोलिसिंगमध्ये पिंग वाढत नाही, पण टीसीपी (दोन्ही टोकांच्या यंत्रांत डेटा पाठवायचा वेग ठरवणारी पद्धत) दर वेळी पॅकेट हरवलं म्हणून वेग कमी करतो, पुन्हा चढवतो, पुन्हा आपटतो, त्यामुळे आलेख करवतीसारखा दिसतो. पोलिसिंगला राउटरमध्ये मेमरी लागत नाही, म्हणून स्वस्तात काम भागवायचं असेल तिथे ते वापरतात.

आता स्पीडटेस्टकडे येऊ. आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या आयएसपींकडे मायक्रोटिक कंपनीचे राउटर भरपूर आहेत, आणि त्यात बर्स्ट नावाची सोय असते. समजा सेटिंग असं आहे: कायमची मर्यादा 40, बर्स्टची मर्यादा 100, थ्रेशोल्ड 30 आणि बर्स्ट टाइम 32 सेकंद. राउटर मागच्या 32 सेकंदांची सरासरी काढत राहतो. ती 30 च्या खाली आहे तोवर तुम्हाला 100 ची मुभा. लाइन आधी शांत असेल आणि तुम्ही पूर्ण 100 ने ओढायला लागलात, तर सरासरी 30 ला पोचायला 32 गुणिले 30 भागिले 100, म्हणजे साडेनऊ सेकंद लागतात. त्यानंतर वेग 40 वर येतो. बहुतेक स्पीडटेस्टची डाउनलोड चाचणी दहा-पंधरा सेकंदांचीच असते. कळलं ना? वेबपेज पटकन उघडावं यासाठी ही सोय बनली आहे आणि त्या कामाला ती फार चांगली आहे. पण 40 ची लाइन 100 म्हणून विकायलाही तीच उपयोगी पडते. तुमच्याकडे असं काही आहे का ते बघायचं तर स्पीडटेस्ट करू नका. एखादी दोन-तीन जीबीची फाइल, लिनक्सची आयएसओ वगैरे, डाउनलोडला लावा आणि तीन मिनिटं वेग बघा. दहाव्या सेकंदाच्या आसपास उतार आला आणि मग रेघ सपाट झाली, तर उत्तर मिळालं.

दुसरं म्हणजे स्पीडटेस्टचा सर्व्हर कुठे आहे ते बघा. ॲप आपोआप सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच आयएसपीच्या रॅकमध्ये बसलेला असतो. म्हणजे मोजला गेला तो तुमच्या घरापासून त्यांच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता. तो चांगला असणारच. सर्व्हर हाताने बदलून मुंबईतल्या किंवा चेन्नईतल्या दुसऱ्या कंपनीचा घ्या आणि रात्री नऊला परत मोजा.

इथे तुमच्या यूट्यूबच्या तक्रारीचं मूळ सापडायची शक्यता सगळ्यात जास्त आहे. लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटल्या तरी पंगत शंभराचीच मांडतात, कारण सगळे एका वेळी जेवायला बसत नाहीत. आयएसपीचा धंदा तसाच चालतो. 500 घरांना 100-100 एमबीपीएस विकले म्हणून कोणी 50 जीबीपीएसची अपस्ट्रीम, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला जोडणारी लिंक, घेत नाही, आणि घेतली तर तुमचं बिल तुम्हाला झेपणार नाही. ऐन गर्दीच्या वेळीही घरटी सरासरी वापर प्लॅनच्या मानाने फार कमी असतो. त्यामुळे हे वाटप करण्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा गिऱ्हाइकं वाढत जातात आणि अपस्ट्रीम तेवढीच राहते. मग रात्री आठ ते अकरा ती लिंक भरून वाहते. कोणी काही थ्रॉटल केलेलं नसतं. कोणी काहीच केलेलं नसतं, हीच अडचण असते.

यात एक पोटभेद आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम यांचा बराच माल आयएसपीच्या किंवा त्याच्या वरच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या कॅश सर्व्हरवरून (लोकप्रिय मजकुराच्या प्रती ठेवणाऱ्या यंत्रांवरून) येतो. जो तिथे नाही तो मुंबईसारख्या ठिकाणच्या एक्स्चेंजवर, पीअरिंगमधून, म्हणजे दोन नेटवर्कच्या थेट जोडणीतून येतो. बाकीच्या साइट वेगळ्या लिंकवरून. त्यामुळे एकच ॲप अडकतं आणि बाकी सगळं सुरळीत, असं चित्र दिसतं आणि माणूस म्हणतो, 'बघा, यूट्यूबलाच मुद्दाम दाबलंय.' तसं असेलच असं नाही. अमेरिकेत 2013-14 मध्ये कॉमकास्ट या मोठ्या आयएसपीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स असंच अडखळत दिसायचं. कॉमकास्टने आपल्या नेटवर्कच्या आत नेटफ्लिक्सची पॅकेट ओळखून दाबल्यामुळे हे होत नव्हतं. नेटफ्लिक्सचा माल ज्या लिंकमधून आत येत होता त्याच तुंबल्या होत्या, आणि त्या वाढवायचा खर्च कोणी करायचा यावर वाद होता. फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी पैसे मोजायचं कबूल केलं आणि वेग सुधारला. आता, तुंबलेली लिंक मुद्दाम न वाढवणं याला थ्रॉटलिंग म्हणायचं का? इंजिनिअर म्हणून मी नाही म्हणेन. गिऱ्हाईक म्हणून मला फरक पडणार नाही.

आता गेमचा लॅग आणि कॉलचा तुटका आवाज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात दोष बहुधा तुमच्याच घरात आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.

रात्री आठला घरी काय होतं बघा. सगळे घरी आले, चार फोन वायफायला लागले, कोणी चार्जिंगला लावले. फोन नेमकी याच क्षणाची वाट बघत असतात: दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात होते. तुमचा अपलोड 20 एमबीपीएस. फोन वायफायवरून राउटरला त्याच्या कितीतरी पट वेगाने पॅकेट देऊ शकतो, राउटर पुढे 20 नेच पाठवू शकतो. उरलेली पॅकेट रांगेत. समजा ती रांग 1 एमबीची आहे. 1 एमबी म्हणजे 8 मेगाबिट. 20 च्या वेगाने ती रिकामी व्हायला 0.4 सेकंद. म्हणजे मुलाने गेममध्ये बटण दाबलं की त्याचं एवढंसं पॅकेट 400 मिलिसेकंद फोटोंच्या मागे उभं राहणार. कॉलमधल्या तुमच्या आवाजाचंही तेच. वेग कमी झालेला नाही, स्पीडटेस्टला 95 दिसणारच. वाढलाय तो उशीर.

राउटर बनवणाऱ्यांनी 'पॅकेट टाकून देणं वाईट' या समजुतीने मेमरी वाढवत नेली आणि हा रोग घराघरात पसरला. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी 2010 च्या सुमारास तो चव्हाट्यावर आणला आणि त्याला बफरब्लोट हे नाव पडलं. गंमत अशी, की टीसीपीला वेळेवर पॅकेट हरवायलाच हवं असतं. तोच त्याचा 'आता हळू हो' असा इशारा. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम 400 यार्डांच्या अंतरात, वेग 32 केबीपीएसवरून 40 बीपीएसवर कोसळला होता. किलोबिट नाही, सेकंदाला नुसते 40 बिट. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला हा इशारा ऐकायला शिकवलं, आणि 1988 चा त्यांचा तो उपाय आजही पाया आहे. मोठा बफर हा इशाराच दाबून टाकतो. मग 2012 मध्ये जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी कोडेल नावाची रीत आणली. रांग किती लांब आहे ते न बघता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं. थांबणं 5 मिलिसेकंदांच्या वर गेलं आणि 100 मिलिसेकंद तसंच राहिलं, की पॅकेट टाकायला सुरुवात. तिला प्रत्येक प्रवाहासाठी वेगळ्या रांगेची जोड दिली की एफक्यू-कोडेल होतं, आणि त्याच्या पुढची पिढी म्हणजे केक.

तपासायचं असं. लॅपटॉपला लॅन केबल लावा. कमांड विंडोत 8.8.8.8 ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा. लाइन शांत असताना आकडा बघून ठेवा. महाराष्ट्रात तो बहुतेकदा पाच ते वीस मिलिसेकंदांत असेल. आता मोठी फाइल क्लाउडवर अपलोडला लावा आणि पिंगकडे बघत राहा. 8 चे 25 झाले तर हरकत नाही. 8 चे 300-400 झाले आणि अपलोड थांबवल्याबरोबर परत 8 वर आले, तर चोर घरातच सापडला. कस्टमर केअरला फोन करायची गरज नाही.

उपाय असा, की ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची एक मुक्त प्रणाली) चालणारा किंवा एसक्यूएमची, म्हणजे रांग शिस्तीत ठेवायची सोय असलेला राउटर घ्यायचा, आयएसपीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा (म्हणजे तो नुसता पॅकेट पुढे ढकलेल), आणि आपल्या राउटरला मर्यादा द्यायची: डाउनलोड 90, अपलोड 18. हो, स्वतःच स्वतःला थ्रॉटल करायचं. दहा टक्के वेग सोडला की रांग आयएसपीच्या खोक्यातून उठून तुमच्या राउटरमध्ये येते, आणि तिथली रांग शिस्तीत चालते. राउटरचा प्रोसेसर मात्र बरा हवा. अगदी स्वस्तातल्या राउटरला 100 एमबीपीएसवर केक चालवताना धाप लागते. एवढा खटाटोप नको असेल तर सगळ्या फोनमध्ये फोटो बॅकअप रात्री एकनंतर ठेवता येतो का बघा, आणि कॉल असेल तेव्हा लॅपटॉप केबलवर. निम्मा त्रास त्यानेच जातो.

आता खऱ्या थ्रॉटलिंगचं बघू. ते होतं, आणि जगात पकडलंही गेलं आहे. सगळ्यात गाजलेलं प्रकरण पुन्हा कॉमकास्टचंच, 2007 चं. रॉब टोपोल्स्की नावाचे नेटवर्कमधले जाणकार जुन्या बार्बरशॉप गाण्यांच्या फाइली बिटटोरंटवरून वाटत होते आणि अपलोड होत नव्हतं. त्यांनी पॅकेट पकडून बघितली, तर दोन्ही टोकांना 'समोरच्याने फोन ठेवला' असं सांगणारी टीसीपी रिसेट पॅकेट येत होती, आणि ती समोरच्याने पाठवलेलीच नव्हती. मधल्या यंत्राने दोघांच्या नावाने खोटी सही केली होती. असोसिएटेड प्रेसने बायबलची फाइल वापरून तेच पडताळलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने कॉमकास्टविरुद्ध आदेश काढला, 2010 मध्ये कोर्टाने तो एफसीसीच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कॉमकास्टने पद्धत बदलली आणि ती उघड लिहून प्रसिद्ध केली: कोणतं ॲप आहे ते बघायचंच नाही. लिंक भरत आली असेल, तरच बघायचं की कोणाचा वापर सलग 15 मिनिटं त्याच्या प्लॅनच्या 70 टक्क्यांच्या वर आहे. त्याची पॅकेट तेवढ्यापुरती खालच्या प्राधान्याने पाठवायची, आणि वापर 50 टक्क्यांच्या खाली आला की पूर्ववत. मला विचाराल तर ट्रॅफिक मॅनेजमेंट असंच हवं. आपल्याकडचे आयएसपी एवढं करतील तर रात्रीच्या अर्ध्या तक्रारी मिटतील.

याच्या उलट टोकाचं उदाहरण रशियाचं. 10 मार्च 2021 ला तिथल्या सरकारने ट्विटर हळू करायला लावलं. वेग साधारण 130 ते 150 केबीपीएसवर आणला. यंत्रांना शोधायला दिलं होतं 'टी डॉट सीओ' हे ट्विटरच्या लहान लिंकचं नाव. पण नियम असा ढिला लिहिला, की नावात कुठेही ती अक्षरं सापडली तरी पकडायचं. मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम आणि रेडिट डॉट कॉम या दोन्ही नावांत 'टी, टिंब, सी, ओ' ओळीने येतात. त्याही साइट रांगत चालू लागल्या. कनेक्शन एनक्रिप्टेड असलं तरी सुरुवातीला साइटचं नाव बहुतेकदा उघडं जातं, तेवढ्यावर हे सगळं चालतं.

आपल्याकडे थ्रॉटल बहुतेक वेळा लपलेलं नसतं, प्लॅनच्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोबाइलचा रोजचा डेटा संपला की 64 केबीपीएस: 1 एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं. घरगुती 'अनलिमिटेड' फायबरमध्ये बऱ्याच ठिकाणी महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते. चौकोनी कुटुंबाला ती सहसा लागत नाही, पण गच्चीवरचे कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर पाठवत असाल तर ॲपमध्ये वापर बघून घ्या. आणि कधी कधी आकडा समोरूनच कमी होतो: 24 मार्च 2020 ला, लॉकडाउनच्या तोंडावर, व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाइल नेटवर्कवर 480 पेक्षा जास्त न दाखवायचं ठरवलं होतं. तो आकडा कमी केला ॲपनेच, आयएसपीच्या राउटरने नाही.

तेव्हा ओळखायचं कसं? आलेखाचा आकार आणि घड्याळ. रात्री नऊला वाईट, पहाटे पाचला झकास, आणि आकडा दर मिनिटाला वरखाली: गर्दी. दिवसरात्र एकाच आकड्यावर सपाट रेघ: मर्यादा, मग ती प्लॅनची असो की ॲपवरची. पिंग फक्त तुमच्या स्वतःच्या वापराने चढतो: घरातली रांग. एकच ॲप दबलेलं वाटलं तर व्हीपीएन (रहदारी झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावून बघतात, ते ठीकच, पण व्हीपीएनने वेग वाढला म्हणजे थ्रॉटलिंग सिद्ध झालं असं समजू नका. व्हीपीएनमुळे रस्ताही बदलतो, आणि तुंबलेली पीअरिंग लिंक टळली एवढंच झालं असू शकतं. त्यापेक्षा वीही हे ॲप घ्या. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ते तयार झालं आणि फ्रान्सचं नियामक मंडळही ते वापरतं. ते यूट्यूबसारख्या ॲपची रेकॉर्ड केलेली रहदारी एका सर्व्हरवरून पाठवतं, मग तीच रहदारी ओळखू येणार नाही अशी उलटसुलट करून त्याच सर्व्हरवरून पाठवतं. रस्ता एकच, ओळख वेगळी. दोन्हींच्या वेगात ठळक आणि पुनःपुन्हा फरक आला, तर संशयाला जागा आहे. सगळ्या चाचण्या केबलवर घ्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर, शेजाऱ्यांच्या वीस राउटरच्या कलकलाटात घेतलेल्या मोजणीला काही अर्थ नाही. वीही फोनवर चालवाल तेव्हा निदान राउटरशेजारी बसून 5 गिगाहर्ट्झवर चालवा.

कायद्याचं थोडक्यात. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, 8 फेब्रुवारी 2016 ला मजकुरानुसार वेगवेगळा दर लावायला बंदी केली. नोव्हेंबर 2017 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) शिफारशी केल्या, दूरसंचार खात्याने जुलै 2018 मध्ये त्या मान्य केल्या आणि त्या लायसन्सच्या अटींत आल्या. मजकूर बघून अडवणं, हळू करणं किंवा एखाद्याला झुकतं माप देणं बंद. वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंट, आणीबाणीच्या सेवा, कोर्टाचे आणि सरकारचे आदेश हे अपवाद. सगळ्यांना सारखी लागू होणारी एफयूपी, म्हणजे ठराविक डेटा वापरल्यावर वेग कमी करण्याची अट, यात अडकत नाही, आणि अपस्ट्रीम कमी घेतल्याबद्दल नेट न्यूट्रॅलिटीचं कलम लागत नाही; ती सेवेच्या दर्जाची तक्रार होते. म्हणून तुमच्या तक्रारीत 'थ्रॉटलिंग' हा शब्द लिहूच नका. तो लिहिला की 'आम्ही थ्रॉटल करत नाही' असं खरंखुरं उत्तर येतं आणि विषय संपतो.

लिहायचं ते असं: आठवडाभराच्या नोंदी, रात्री नऊ आणि पहाटे पाच, केबलवर, बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर, तीन मिनिटांच्या डाउनलोडचा सरासरी वेग, आणि दोन्ही वेळचा ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या टप्प्यांतून जातं आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड). ट्रेसरूटमध्ये पहिले दोन-तीन टप्पे ठीक आणि नंतरच्या सगळ्या टप्प्यांवर रात्रीच वेळ फुगलेली दिसली, तर त्यावर गोल करा. समोरचा इंजिनिअर ते बघून लगेच समजतो. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही. आणि सुरुवातीला फोनवर राउटर बंद करून चालू करा म्हणतील, तेव्हा वाद न घालता करून टाका. त्या रकान्यात 'हो' भरल्याशिवाय बहुतेक ठिकाणी त्यांना तक्रार पुढे पाठवताच येत नाही.